साडेसतराचा लॅपटॉप आणि चौतीसचं गिऱ्हाईक

१

खुंटीला चार्जर लटकत होता. टेबलावर स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, चष्मा पुसायचा फडका, सगळं जागच्या जागी होतं. मधला लॅपटॉप तेवढा नव्हता.

गुरुवारचे चार वाजले होते. मी एक ते चार दुकान बंद ठेवते. त्यावरचे सगळे विनोद मला पाठ आहेत, तेव्हा नवे करू नयेत. बंद म्हणजे तरी काय, नुसती कडी ओढते. शनिवार पेठेतली ही पिठाच्या गिरणीवरची खोली मी अकरा वर्षं चालवतेय, एक माउससुद्धा कधी चोरीला गेला नव्हता. जिना गिरणीतूनच वर येतो आणि गिरणीवाल्या सुंदराबाईंच्या नजरेतून मांजरही सुटत नाही. पण गुरुवारी वीज नसते, गिरणी बंद असते आणि सुंदराबाई लेकीकडे जाऊन बसतात.

आधी स्वतःचाच राग आला. मग आठवलं की लॅपटॉपची मालकीण पाच वाजता येणार आहे.

मी द्वारका गोगटे. वीस वर्षं विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करत फिरले. जळालेली गोदामं, पुरात बुडालेल्या गाड्या, भिजलेलं कापड. आता जुन्या कॉम्प्युटरचे भाव सांगते. घेत नाही, विकत नाही. वस्तू उघडते, तपासते आणि रास्त भाव चिठ्ठीवर लिहून देते. खाली माझी सही असली की घेणारा आणि देणारा, दोघंही घासाघीस थांबवतात. निदान त्या गुरुवारपर्यंत थांबवायचे.

हा लॅपटॉप बुधवारी सकाळी मैत्री रामटेके नावाची मुलगी घेऊन आली होती. येरवड्याची. वय पंचविशीचं, सॉफ्टवेअरमधली. चेहऱ्यावर आठवडाभर झोप नसल्यासारखं काहीतरी.

"दोन हजार दहाला बेचाळीसला घेतला होता," ती म्हणाली. "गेल्या नोव्हेंबरमध्ये अपग्रेड केला. रॅम आठ जीबी केली, त्याचे तीन हजार. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली, तिचे साडेसात. म्हणजे मॅडम, तीस तरी यायला हवेत ना?"

हे गणित मला रोज कोणीतरी ऐकवतं. मी रोज तेच उत्तर देते आणि रोज कोणीतरी माझ्यावर रागावतं.

"तू घातलेले पैसे तू वापरलेस. घेणारा ते भरून देत नाही," मी म्हटलं. "तीन वर्षांचं यंत्र, त्याला चौदा. अपग्रेडच्या खर्चाचा तिसरा हिस्सा फार तर परत येतो, म्हणजे साडेतीन. बॅटरी टिकत असेल तर साडेसतरा, नसेल तर त्याहून कमी. बिल आहे? मूळ खोका? काढलेले जुने भाग? ते असले तर हजारभर वाढतील."

"बिल आहे. खोक्याचं बाबांना विचारावं लागेल. जुनी डिस्क खडखड करायची, ती दुकानदाराने टाकून दिली असणार."

त्या वेळी शंभू माझ्याकडे बसला होता. शंभू जुन्या मालाचा दलाल. सकाळी गिऱ्हाईक नसलं की माझ्या खुर्चीवर येऊन बसतो. मी पाठीचं झाकण उघडलं तेव्हा टॉर्च त्यानेच धरला होता. "बारा देतो, आत्ताच्या आत्ता," तो म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं आणि चिठ्ठीवर साडेसतरा हजार लिहिले. बॅटरी किती टिकते हे बघायला लॅपटॉप ठेवून घेतला.

जाता जाता मैत्रीने दारात थांबून विचारलं, "ह्यातलं पुसलेलं परत काढता येतं का हो? कॉलेजमधलं काही?"

"बघते," मी म्हटलं.

गुरुवारी अकराला एका पुरुषाचा फोन आला. जाहिरात वाचली म्हणाला. मी नेहमीप्रमाणे सगळी चिठ्ठी वाचून दाखवली. रॅम, एसएसडी, सांध्यावरचा ओरखडा, भाव. तो म्हणाला, "मी चौतीस देतो. नाव मात्र विचारू नका."

अकरा वर्षांत मी सांगितलेल्या भावाच्या जवळजवळ दुप्पट देणारा माणूस मी पाहिला नव्हता. मैत्रीला कळवलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला निम्माच सांगितलात."

आणि पाच वाजता ती माझ्यासमोर उभी राहिली. रिकाम्या टेबलाकडे बघून म्हणाली, "साडेसतरा सांगितलेत. चौतीसचं गिऱ्हाईक आलं. आता लॅपटॉपच नाही. मी काय समजायचं?"

 तिच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते.

२

चौकीत हवालदारांनी आमचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, कुलूप का नव्हतं?" ह्या प्रश्नापलीकडे त्यांना जायचं नव्हतं. उद्यापर्यंत शोधा, मग या, असं सांगून त्यांनी वही मिटली.

बाहेर आल्यावर मैत्री फुटपाथच्या कठड्यावर बसली. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. चिडून बोलायला लागली.

"लॅपटॉप जाऊ दे हो. सोमवारी मला त्याची गरज होती."

मग तिने सगळं सांगितलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. कुठल्या रक्तपेढीत कुठल्या गटाचं रक्त शिल्लक आहे आणि कुठल्या रुग्णालयात हवंय, हे जुळवणारा. तिची आई आजारी असताना वडील एका बाटलीसाठी दोन दिवस शहरभर फिरले होते, त्यातून तिला ते सुचलं होतं. पुढे कर्वेनगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. तिने तो प्रोग्रॅम सुधारून यंदा कंपनीपुढे मांडला, तर तिला आत बोलावून सांगितलं गेलं की हाच प्रोग्रॅम तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एकाने दिलाय, तू तो चोरलास. कोणी दिला ते सांगणार नाही. राजीनामा दे, नाहीतर काढून टाकतो.

"मी दिला राजीनामा. घाबरले. मग महिनाभराने राग आला. पत्रावर पत्रं लिहिली, तेव्हा कुठे सोमवारी अकराला या म्हणाले. पुरावा आणा म्हणाले. दोन हजार दहाच्या तारखांच्या मूळ फाइल्स असतील तर बोला, नाहीतर विषय संपला."

"आणि त्या फाइल्स?"

"नवीन डिस्क बसवली तेव्हा सगळं कॉपी केलं असं मला वाटत होतं. कॉलेजचं फोल्डर त्यात नाहीच. म्हणून तुम्हाला विचारलं, पुसलेलं परत येतं का."

"मग विकायला का काढलास?"

"त्या मशीनकडे बघितलं तरी डोकं फिरतं माझं."

मी तिच्या शेजारी कठड्यावर बसले. ज्या लॅपटॉपचा भाव मी साडेसतरा ठरवला होता त्याची कोणाला तरी त्याहून फार जास्त गरज होती, हे आता दिसत होतं.

"लॅपटॉप माझ्याकडे आहे हे कोणाकोणाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तुमच्या त्या शंभूला. फोनवाल्याला. आणि पायलला. पायल माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, कंपनीतही बरोबर होतो. जाहिरात तिनेच केली. बुधवारी दुपारी मेल टाकला सगळ्यांना. माझा नंबर नको म्हटलं, म्हणून तुमचा दिला, दुकानाचा पत्ता आणि वेळही."

"पुसलेलं परत काढून घेणार आहेस, हे कोणाला बोललीस?"

"पायललाच. ती एकटीच तर विचारपूस करते माझी," मैत्री म्हणाली. "तिच्यावर संशय घेऊ नका. बाकी कोणावरही घ्या."

३

शंभूला शुक्रवारी सकाळी गाठलं. मी काही विचारायच्या आतच तो भडकला.

"बाई, अकरा वर्षं तुमच्याकडे बसतो. मी चोर?"

"चार्जर खुंटीवर राहिला, शंभू," मी म्हटलं. "तू चोर असतास तर चार्जर सोडून गेला असतास का?"

 तो मान्य करून म्हणाला, "नसतो गेलो. बाराशेला जातो तो."

विमा कंपनीत शिकलेली एक गोष्ट मी विसरलेली नाही. काय गेलं हे सगळेच बघतात, काय राहिलं तेही बघावं. विकण्यासाठी चोरणारा माणूस चार्जर आधी उचलतो. ह्या चोराला लॅपटॉप चालवत ठेवायचाच नव्हता.

राहिला फोनवाला. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मैत्रीने आकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "हे अनिरुद्ध सर. आमचे टीम लीडर."

मी एकटीच कर्वेनगरला गेले. कंपनीसमोरच्या चहाच्या गाडीवर तो आला. चाळिशीचा, पोट सुटलेला, सतत मागे वळून कोणी बघतंय का हे पाहणारा.

"तुम्ही साडेसतराच्या वस्तूला चौतीस का देत होतात?" मी सरळ विचारलं.

"कमी पडत असतील तिला, म्हणून."

"मदत करायची तर नाव का लपवायचं?"

त्याने चहाचा ग्लास तसाच ठेवला. "कारण ज्या दिवशी तिला आत बोलावलं त्या दिवशी मी त्याच खोलीत होतो. तिने नोकरीला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात तो प्रोग्रॅम मला दाखवला होता. मला माहीत होतं तिचाच आहे. मी बोललो नाही."

"का?"

"घराचे हप्ते आहेत. वर कोणाला तरी खोटं ठरवायचं म्हणजे..." तो थांबला. "मला झोप लागत नाही हो. म्हटलं निदान तिचा लॅपटॉप घ्यावा."

"तिचा तो प्रोग्रॅम स्वतःच्या नावावर कोणी दिला? नाव काय?"

"ते नाही सांगू शकत."

"का?"

"सांगितलं ना, हप्ते आहेत."

मला इतका संताप आला की चहा अर्धा टाकून उठले. ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं. तो दुप्पट पैसे द्यायला तयार होता, एक नाव द्यायला नाही. पण चोर तो नव्हता. जुनी डिस्क काढून टाकलीय हे मी त्याला गुरुवारी सकाळीच फोनवर वाचून दाखवलं होतं. आत दोन हजार दहाचं काही असणार नाही, हे त्याच्यासारख्या माणसाला तिथल्या तिथे कळलं असणार.

"एसएसडीचं तुम्ही ऑफिसात कोणाला बोललात?" मी जाता जाता विचारलं.

"मी फोन केलाय हेच कोणाला सांगितलेलं नाही," तो म्हणाला. त्याच्या भेकडपणाकडे पाहता मला ते पटलं.

मी आलेय हे मैत्रीकडून कळल्यावर पायल ऑफिसातून स्वतःहून खाली आली. वर्ध्याची मुलगी, हसतमुख, बोलायला गोड. मैत्रीच्या काळजीने तिचे डोळे भरून आले होते आणि ते खोटे वाटत नव्हते. जाहिरातीचा मेल तिने मला फोनवर उघडून दाखवला. "दोन हजार दहाचं मॉडेल, तीन जीबी रॅम, तीनशेवीस जीबी हार्ड डिस्क, उत्तम स्थिती."

"आय फील सो बॅड, काकू," ती म्हणाली. "तिच्या नशिबात काय चाललंय कळत नाही. मिळेल ना परत?"

"बघू."

"आणि मिळाला तर प्राइस तीच राहील ना? म्हणजे काढलेले ओरिजिनल पार्ट्स बरोबर दिले तर जास्त येतात असं ऐकलंय मी."

"येतात. हजारभर," मी म्हटलं. भावाचा विषय निघाला की मला शिकवायची खोड आहे. मी तिला खोक्याबद्दल आणि बिलाबद्दलही सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

शुक्रवार असा संपला. हातात काही नव्हतं. पेठेत मात्र बातमी पसरली होती. दोन गिऱ्हाइकांनी आपापले लॅपटॉप परत मागून नेले. एकाने तर मोजून बघितलं, सगळे स्क्रू आहेत का.

४

शनिवारी सकाळी सुंदराबाईंनी खालून हाक मारली. "अहो द्वारकाबाई! तुमचं दळण माझ्याकडे कसं आलं?"

दळणाच्या डब्यांच्या रांगेत, एका ज्वारीच्या डब्यामागे कापडी पिशवी होती. पिशवीत मैत्रीचा लॅपटॉप.

"कोणी ठेवला?"

"सकाळी साडेआठला इथे वीस बायका असतात. मी पट्टा बघू की पिशव्या?" सुंदराबाईंना गुरुवारी गैरहजर असल्याचं इतकं लागलं होतं की त्या सगळ्या जगावर डाफरत होत्या.

मी मैत्रीला बोलावून घेतलं. ती येईपर्यंत लॅपटॉपला हात लावला नाही. मग तिच्यासमोर चालू केला. आठ जीबी रॅम होती. एसएसडी होती. एक फाइल हललेली नव्हती.

"म्हणजे चोराला दया आली?" मैत्री म्हणाली.

मी लॅपटॉप पालथा केला. तपासलेल्या वस्तूच्या एका स्क्रूवर मी नखांना लावायच्या रंगाचा ठिपका देते. मागाहून कोणी आतले भाग बदलले आणि माझ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं तर दाखवता यावं म्हणून. बुधवारी दिलेला लाल ठिपका मधोमध तडकला होता.

"पाठ उघडलीय," मी म्हटलं. "उघडली, आत पाहिलं आणि काहीही न काढता बंद केली. साडेसात हजारांची एसएसडी हाताशी होती, ती तशीच ठेवली. का?"

"नको होती म्हणून."

"बरोबर. जे हवं होतं ते तिथे नव्हतं. जुनी डिस्क हवी होती. ती तिथे असेल अशा खात्रीने चोराने लॅपटॉप नेला आणि उघडल्यावर त्याला कळलं की ती कधीच काढलीय. नवी डिस्क गेल्या नोव्हेंबरची. तिच्यावर दोन हजार दहाचं काही पुसलेलंसुद्धा सापडणार नाही. मग लॅपटॉप ठेवून बोभाटा कशाला वाढवायचा? दिला परत."

मैत्री खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे ज्याला अपग्रेडचं ठाऊक नव्हतं तो."

"शंभूने टॉर्च धरला होता. अनिरुद्धला मी वाचून दाखवलं होतं. आता मला नीट आठवून सांग. पायलला अपग्रेडचं कधी बोलली होतीस?"

"ती तेव्हा बंगलोरला होती. ऑक्टोबर ते जानेवारी. नंतर विषयच निघाला नाही. मेलमध्ये तिने जुनंच सगळं टाकलं, तेव्हा मला वैताग आला, पण दुरुस्त कर म्हणायचंही त्राण नव्हतं." ती एकदम ताठ झाली. "नाही हं. पायल नाही."

"तिने बुधवारी लिहिलं, तीनशेवीस जीबी हार्ड डिस्क. शुक्रवारी तिने मला विचारलं, काढलेले ओरिजिनल पार्ट्स दिले तर जास्त येतात का. काढलेले, मैत्री. काही काढलंय हे तिला दोन दिवसांत कोणी सांगितलं? तू नाही, मी नाही, अनिरुद्धने नाही. पाठ उघडून तिनेच पाहिलं."

 खाली गिरणी सुरू होती आणि टेबल थरथरत होतं.

"ती आमच्याकडे जेवायची," मैत्री म्हणाली. "कॉलेजची चार वर्षं. बाबा तिच्यासाठी वेगळी कमी तिखटाची भाजी काढून ठेवायचे."

बाबा म्हटल्यावर मला माझीच चूक दिसली. मी त्या मुलीला जुन्या भागांची किंमत सांगितली होती. खोक्याचं सांगितलं होतं.

"तुझ्या वडिलांना वस्तू टाकून द्यायची सवय आहे का?"

"बाबा? चाळीस वर्षं टपाल खात्यात होते. त्यांनी आजवर सुतळीसुद्धा टाकलेली नाही."

"नोव्हेंबरमध्ये दुकानातून लॅपटॉप आणायला कोण गेलं होतं?"

 मैत्रीने फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, मग वडिलांनी उचलला. ती फक्त ऐकत होती. मग तिने फोन ठेवला.

"पायल घरी आलीय. बाबा तिच्यासाठी माळ्यावरून खोका काढतायत."

५

रिक्षाने येरवड्याला पोहोचायला पाऊण तास लागला. पुलावर वाहतूक तुंबली होती. मैत्रीने वडिलांना पुन्हा फोन लावला तर ते उचलेनात. "माळ्यावर चढले असतील," ती म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्यांच्या," आणि मग तिने रिक्षाचा दांडा घट्ट धरला.

दार उघडंच होतं. नागोराव रामटेके शिडीच्या खालच्या पायरीवर बसून धापा टाकत होते. समोर पायल उभी होती. तिच्या हातात लॅपटॉपचा मूळ खोका होता, कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला.

"जय भीम, ताई, या," नागोराव आमच्या पावलांच्या आवाजाच्या दिशेने म्हणाले. "ही पोरगी म्हणते जुन्या डिस्कचे हजार रुपये जास्त येतात. दुकानदार फेकत होता, मी म्हटलं दे इकडे, चालती वस्तू आहे."

पायल आमच्याकडे बघत होती. तिने खोका खाली ठेवला नाही.

"मी तुझ्याकडेच आणत होते," ती मैत्रीला म्हणाली. "सरप्राइज."

"गिरणीतल्या पिशवीसारखं?" मैत्री म्हणाली.

पायलचा चेहरा पडला. खोटं बोलायची तिची तयारी एवढीच होती, पुढचं तिने योजलंच नव्हतं.

"तू समजून घे, मैतू. मी दिला तेव्हा तू कंपनीत देशील असं मला वाटलंच नव्हतं. पडून होता गं तो. आणि स्क्रीन्स मी काढल्या होत्या ना? रात्ररात्र तुझ्याबरोबर बसले होते ना मी? मला बंगलोरवरून परत यायचं होतं, काहीतरी दाखवल्याशिवाय येऊ देत नव्हते. तू तुझा दिलास आणि मी घाबरले. एकदा बोलून बसले की हा माझा, मग मागे कसं येणार?"

"मला काढलं तेव्हा यायचं," मैत्री म्हणाली. "त्या दिवशी संध्याकाळी तू माझ्याबरोबर रडलीस. माझ्या डोक्याला तेल लावून दिलंस."

"ते खरं होतं."

"मला माहितीय खरं होतं. त्याचाच राग येतो."

 मैत्री पुढे झाली आणि तिने खोका ओढला. पायलने तो धरून ठेवला. क्षणभर दोघी लहान मुलींसारख्या खोक्याच्या दोन टोकांना लोंबत राहिल्या. चिकटपट्टी सुटली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली डिस्क फरशीवर पडली.

आवाज ऐकून नागोराव उठले. त्यांनी चाचपत जमिनीवर हात फिरवला, पुडकं उचललं आणि कानाशी धरून हलवलं, टपालातलं पार्सल हलवावं तसं.

"विचारलं असतंस तर," मैत्री म्हणाली, "मी दोघींची नावं टाकली असती."

पायल निघून गेली. जाताना तिने नागोरावांच्या पायाला हात लावला. त्यांना काय झालं ते अजून कळलेलं नव्हतं, त्यांनी सवयीने आशीर्वाद दिला.

६

डिस्क पडल्यामुळे मी घाबरले होते. रविवारचा सगळा दिवस मी आणि शंभू तिच्यावर बसलो. ती खडखड करायची, मध्येच थांबायची, पुन्हा फिरायची. दोनदा मी हात टेकले. दुपारी एक ते चारसुद्धा दुकान उघडं होतं, हे पेठेने पाहिलं. संध्याकाळी सहाला कॉलेजचं फोल्डर सापडलं. ऑगस्ट दोन हजार दहापासून फेब्रुवारी अकरापर्यंतच्या दोनशेच्या वर फाइल्स. पहिल्याच फाइलच्या वरच्या ओळीत मैत्रीने आईचं नाव लिहून ठेवलं होतं, मुक्ताई रामटेके.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. मला आत सोडलं नाही. बाहेरच्या बाकावर दोन तास बसले. आतून मैत्रीचा आवाज एकदाही चढलेला ऐकू आला नाही, दुसऱ्या कोणाचा मात्र दोनदा आला. साडेबाराच्या सुमाराला अनिरुद्ध कॉरिडॉरमधून आला. त्याने मला पाहिलं, टाय सारखा केला आणि दार ठोठावून आत गेला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

बाहेर आली तेव्हा मैत्रीच्या हातात एक कागद होता. आरोप मागे घेतला होता. गैरसमजाबद्दल खेद व्यक्त केला होता. पुन्हा रुजू व्हावं असं सुचवलं होतं.

"खेद," मैत्री म्हणाली. "माफी नाही. विचारलं, तर म्हणे माफीचा फॉरमॅट नाही."

"मग?"

"सरांनी आत येऊन सगळं सांगितलं. चार महिने उशिरा. त्यांच्याकडे बघवेना मला, पण आले."

ती कंपनीत परत गेली नाही. महिन्याभरात बाणेरला दुसरीकडे लागली. प्रोग्रॅम तिच्या नावावर राहिला. तो कोणी विकत घेतलेला नाही अजून, एक रक्तपेढी फुकट वापरून बघतेय. लॅपटॉप तिने अनिरुद्धला दिला नाही. शंभूने एका कलाशाखेच्या विद्यार्थिनीला साडेसतराला मिळवून दिला आणि दलाली घेतली नाही, ही घटना पेठेत अजून सांगितली जाते.

पोलिसांकडे जायला मैत्रीने नकार दिला. मला ते पटलं नाही आणि मी तसं तिला दोन-तीनदा ऐकवलं. माझ्या दुकानातून वस्तू गेली होती, माझं नाव खराब झालं होतं. तिने ऐकून घेतलं आणि नकार तसाच ठेवला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी, चार वाजून पाच मिनिटांनी, पायल जिना चढून आली. बारीक झाली होती. नोकरी तिने त्याच आठवड्यात सोडली होती, हे मला ठाऊक होतं. ती पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवून उभी राहिली.

"वर्ध्याला परत चाललेय," ती म्हणाली. "विकायचाय. शंभूंकडे गेले होते, ते म्हणाले आधी तुमची चिठ्ठी आणा."

शंभूने तिला ओळखलं होतं की नाही, देव जाणे. माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. मी चष्मा पुसला आणि झाकण उघडलं. चांगला ठेवला होता तिने. रॅम वाढवलेली, बॅटरी नवी, खोका आणि बिल दोन्ही बरोबर. मी सगळं तपासून बावीस हजार लिहिले आणि खाली सही केली. स्क्रूवर ठिपका दिला.

तिने चिठ्ठी वाचली. "मला वाटलं होतं कमी सांगाल."

"मी भाव वस्तूचा सांगते," मी म्हटलं.

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. मैत्रीचं काही विचारेल असं वाटलं. तिने विचारलं नाही. जिन्यावरून उतरतानाचे तिचे पाय मला गिरणीच्या आवाजातही ऐकू आले.

मग मी मैत्रीला फोन केला. का केला, ते सांगता येणार नाही. पायल आली होती, तिचा लॅपटॉप विकायचाय, गावी चाललीय, एवढंच सांगितलं. 

"कितीचा सांगितलात?" तिने विचारलं.

"बावीस."

"येतात ना तेवढे? नीट तपासलात ना?"

"नीट तपासला."

"बरं," मैत्री म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.